जमीन सुटताना



या व्यासपीठावर दर वसंतात थोरथोर विद्वान येऊन बोलतात आणि आपण सारी मंडळी दिवसभराचा उकाडा विसरून त्यांना ऐकता. आज जो आपल्यापुढे उभा आहे तो पंडितही नाही आणि पुढारीही नाही. एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारा मी एक साधा शिक्षक. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी विमान चालवायला शिकलो, एवढेच माझे भांडवल. व्याख्यानमालेचे चालक माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांना 'विमानविद्येची प्रगती' असा चांगला भारदस्त विषय सुचवला होता. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ते राहू द्या हो. तुम्हाला भीती नाही वाटली?" मी म्हटले, "वाटली की! पुष्कळ वाटली." "मग त्यावरच बोला," ते म्हणाले.

तेव्हा आजचा विषय प्रगतीचा नाही, भीतीचा आहे.

आपल्या देशात वैमानिकाचा पहिला परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना मिळाला. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन एका चिमुकल्या पुस मॉथ विमानातून जुहूच्या मैदानावर उतरले. १९३६ साली सरला ठकराल या एकवीस वर्षांच्या, पदरात मूल असलेल्या तरुणीने लाहोरला साडी नेसून जिप्सी मॉथ एकटीने उडवले. असे वृत्तांत शाळेच्या वयात वाचले की मनात एक समज घट्ट बसतो: ही माणसे जन्मतःच निर्भय होती, आणि आपण तसे नाही, म्हणून हा प्रांत आपला नव्हे. मी हा समज चाळीस वर्षे जपला. गच्चीच्या कठड्याशी उभे राहिले तरी माझ्या पायांत मुंग्या येतात. पाळण्यात मी जत्रेतसुद्धा बसत नाही. आणि तरीही आकाशात घरघर ऐकू आली की वर्ग अर्धा टाकून खिडकीशी जाणारा मास्तर म्हणून विद्यार्थ्यांत माझी ख्याती होती. हे दोन्ही एकाच माणसात कसे नांदत होते ते मला विचारू नका.

शेवटी एके वर्षी घरात विषय निघाला, सौभाग्यवतींनी हिशेब मांडला, आणि "आयुष्यभर खिडकीतून बघण्यापेक्षा एकदा जाऊन या" असा निकाल दिला. वैद्यकीय तपासणी झाली, शिकाऊ परवाना झाला. खाजगी वैमानिकाच्या परवान्याला आपल्याकडे निदान चाळीस तासांचे उड्डाण लागते, तेवढे पैसे जमा होतील तसे भरायचे ठरले. दख्खनच्या पठारावरच्या एका लहान धावपट्टीवर माझे शिक्षण सुरू झाले. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला काळी नांगरट. क्लबाचे नाव घेत नाही, कारण पुढे माझ्या फजितीच्या काही गोष्टी येणार आहेत आणि त्यांचा दोष सर्वस्वी माझा आहे.

माझे शिक्षक साताऱ्याकडचे, हवाई दलातून निवृत्त झालेले, सत्तरीच्या उंबरठ्यावरचे गृहस्थ. सारे त्यांना कॅप्टनसाहेब म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मला विमानाभोवती एक प्रदक्षिणा घालायला लावली. चार आसनांचे सेस्ना १७२. दारे पत्र्याची, आपल्या जुन्या फियाट गाडीपेक्षा पातळ. पंखांच्या खालून एका लहान नळीत थोडे पेट्रोल काढून त्यात पाणी किंवा कचरा नाही ना हे उजेडात धरून पाहायचे, बिजागऱ्या हलवून पाहायच्या, टायर पाहायचे, तेल पाहायचे. माझे हात गार पडले होते. पण गंमत अशी की, या प्रदक्षिणेत ते थोडे ऊबदार झाले. हाताला काम मिळाले की भीती जरा मागच्या बाकावर जाऊन बसते, हे मला तिथे पहिल्यांदा जाणवले. पुढे मी घाबरलेल्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पेट्रोलची नळी हातात देताना कॅप्टनसाहेबांना पाहिले आहे.

आत बसलो. शिकणारा डावीकडे, शिकवणारा उजवीकडे, दोघांपुढे सारखीच चाके. विमान जमिनीवर चालू लागले आणि वळण आले तेव्हा मी सवयीने ते चाक मोटारीसारखे फिरवले. विमान सरळच चालले! जमिनीवर विमान पायांनी वळवायचे असते, हे मला सांगितले होते, पण पंचवीस वर्षे स्कूटर-मोटार चालवलेल्या हातांना ते कोण सांगणार? आम्ही गवतात शिरण्याच्या बेताला आलो तेव्हा कॅप्टनसाहेबांनी आपल्या पायाने ते वळवले आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, हात मांडीवर ठेवा. त्यांना अजून काही कळत नाही."

मग इंजिनाचा आवाज वाढला, पांढऱ्या रेघा भराभर पोटाखाली जाऊ लागल्या, काटा पंचावन्न नॉटवर, म्हणजे आपल्या हिशेबाने तासाला शंभर किलोमीटरवर आला, आणि जमीन सुटली. तो क्षण वर्णन करण्याजोगा असतो म्हणतात. मला फक्त तोंडाला पडलेली कोरड आठवते. मी वीस वर्षे फळ्यावर खडूने पंखाची आकृती काढून, वरून हवा कशी जाते, खालून कशी जाते, उचल कशी निर्माण होते, हे शिकवत आलो होतो. त्या आकृतीवर मी आता स्वतः बसलो होतो आणि माझा तिच्यावर काडीचाही विश्वास नव्हता.

हजार फुटांवर त्यांनी चाक माझ्या हाती दिले. मी ते असे धरले की बोटांची पेरे पांढरी झाली. विमान थोडे वर जाई, मी ढकलत असे. ते खाली जाई, मी ओढत असे. आणि हे हेलकावे वाढतच गेले. कॅप्टनसाहेबांनी खिशातून एक पेन्सिल काढली आणि माझ्या बोटांत विणून दिली, मधल्या बोटाच्या वरून आणि शेजारच्या दोन बोटांच्या खालून. आता चाक आवळले की पेन्सिल बोटांत रुते. मग ते म्हणाले, "आता हात सोडा." मला वाटले ऐकण्यात चूक झाली. "सोडा म्हणतो ना." मी सोडले. विमानाने एक लहानसा हेलकावा खाल्ला, दुसरा त्याहून लहान खाल्ला, आणि ते आपले आपण सरळ चालू लागले. मगाचचा सारा गोंधळ माझा होता!

असे का होते, हे दोन वाक्यांत सांगतो. या विमानांची रचनाच अशी असते की नाक वर गेले तर शेपटीवरच्या हवेचा दाब ते खाली आणू पाहतो, आणि खाली गेले तर वर आणू पाहतो. वजनाच्या तराजूचा काटा जसा हलून पुन्हा मध्ये येतो, तसे. हे मी वर्गात शिकवले होते आणि परीक्षेत त्यावर गुणही दिले होते. पण कळणे आणि हात सोडणे यांत पुष्कळ अंतर आहे.

बहुतेकांच्या मनातली मोठी भीती कोणती, तर इंजिन बंद पडले म्हणजे विमान दगडासारखे कोसळणार. तिसऱ्या दिवशी कॅप्टनसाहेबांनी तीन हजार फुटांवर असताना काही न बोलता इंजिनाची गती अगदी मंद केली. सगळे एकदम शांत झाले. माझ्या छातीचे ठोके मला ऐकू येऊ लागले. त्यांनी खिडकीतून गावे दाखवायला सुरुवात केली. हे अमुकांचे शेत, तो बंधारा. विमान हलकेच नाक खाली करून उताराला लागलेल्या सायकलीसारखे चालले होते. या जातीचे विमान इंजिनाशिवाय एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जाते. तीन हजार फुटांवरून आठेक किलोमीटरच्या परिघातले कुठलेही मोकळे शेत आपले. तेव्हापासून मी उडताना सारखा मनात शेते निवडत असतो, आणि भीतीच्या जागी एक प्रकारचा शेतकरी माझ्यात येऊन बसला आहे: नांगरट पडलेली आहे का, वीजतारा कुठे आहेत, ऊस किती उंच आहे.

गचक्यांचेही तसेच. चैत्र-वैशाखात दहा वाजल्यानंतर उडाल तर विमान खडबडीत रस्त्यावरच्या एस. टी.सारखे उडते आणि आदळते. पहिल्या वेळी मला वाटले, पंख निखळतात की काय. कॅप्टनसाहेबांनी खाली बोट दाखवले. काळी नांगरट तापली की तिच्यावरची हवा तापून वर चढते. भिजलेला ऊस आणि तलाव त्या मानाने थंड, तिथे ती नसते. एकावरून दुसऱ्यावर गेलात की गचका. समोर एक घार पंख न हलवता गोल गोल वर चढत होती, तिला तोच जिना सापडला होता. मग मी एक खेळ सुरू केला: खालची जमीन पाहून पुढचा गचका आधी सांगायचा. दहांतले सहा माझे बरोबर येऊ लागले. सांगून आलेल्या गचक्याची भीती वाटत नाही, निदान तितकी वाटत नाही. आणि शहाणपणाची गोष्ट म्हणून आम्ही सकाळी साडेसहाला उडू लागलो, तेव्हा हवा दुधासारखी असते. नवशिक्याने भीतीशी झुंज घ्यायची तर भर दुपारीच घेतली पाहिजे असे कुठे लिहिले आहे?

आता फजितीकडे येतो.

विमानाचे नाक वर वर ओढत नेले आणि वेग कमी होऊ दिला, की एक वेळ अशी येते की समोरून येणारी हवा आणि पंख यांमधला कोन पंधरा-सोळा अंशांच्या पलीकडे जातो. मग हवा पंखाला धरून वाहत नाही, सुटून भोवऱ्यांत विस्कटते, आणि उचल कोसळते. याला वैमानिक 'स्टॉल' म्हणतात. मोटारीचे इंजिन बंद पडते त्याचाही हाच शब्द, म्हणून लोकांचा घोटाळा होतो. इथे इंजिन व्यवस्थित चालू असते, पंख काम सोडतो. यातून सुटायचा मार्ग एकच: नाक खाली सोडायचे, कोन कमी करायचा. पडत असताना आणखी खाली! उपजत बुद्धी नेमके उलट सांगते. वोल्फगांग लांगेविशे या वैमानिकाने १९४४ साली 'स्टिक अँड रडर' नावाचे एक प्रसिद्ध पुस्तक लिहिले, त्याच्या विवेचनाचा कणा ही एवढीच गोष्ट आहे.

पाचव्या पाठाला आम्ही हे मुद्दाम करायला वर गेलो. नाक वर, इंजिन मंद, वाऱ्याचा आवाज कमी कमी होत गेला. मग पंखाच्या कडेच्या छिद्रातून धोक्याची पिपाणी वाजू लागली. एखादे पोर रडावे तसा तिचा सूर. विमान थरथरले, नाक गळून पडले, समोरचे आकाश गेले आणि काचेत सगळी जमीन भरली. मी काय केले? दोन्ही हातांनी चाक पोटाशी ओढले आणि डोळे मिटले. कॅप्टनसाहेबांना माझ्या हातांशी झटापट करावी लागली. दोनशेच्या जागी सहाशे फूट गमावून आम्ही सरळ झालो. ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. खाली उतरलो, वहीत सही केली आणि घरी आलो.

त्यानंतर तीन आठवडे मी गेलो नाही. उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत असे कळवले. उत्तरपत्रिका खरोखरच होत्या, पण त्या चार दिवसांत संपल्या होत्या. रात्री झोपेत ती पिपाणी ऐकू येई. भीतीपेक्षा लाज मोठी होती. ज्याने वीस वर्षे पंखाचा कोन शिकवला त्याने डोळे मिटले!

त्या तीन आठवड्यांत मी, मास्तर माणूस, दुसरे काही सुचेना म्हणून वाचीत बसलो. आणि वाचता वाचता मला एक जुना इतिहास सापडला, तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. विमानविद्येच्या पहिल्या वर्षांत स्टॉल झालेले विमान एका पंखावर कलंडून भोवऱ्यासारखे गरगरत खाली येऊ लागले, म्हणजे वैमानिकाची आशा सोडत. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडात सॅलिसबरीच्या माळावर विल्फ्रेड पार्क नावाचा नौदलातला लेफ्टनंट अशाच गरगरीत सापडला. उंची सातशे फुटांच्या आसपास. त्याने उपजत बुद्धीने सांगितले ते सारे केले, दांडा मागे ओढला, सुकाणू वळणाच्या बाजूला दिले. काही उपयोग झाला नाही. शेवटी जमीन पन्नासएक फुटांवर आली असता त्याने सुकाणू उलट बाजूला दिले, आणि विमान तत्क्षणी सावरले. उतरल्यावर त्याने काय काय केले आणि कशाने काय झाले हे तपशीलवार सांगितले, आणि ते नोंदले गेले. डिसेंबरमध्ये एका दुसऱ्या अपघातात तो बिचारा गेला. पण त्याचे सांगणे राहिले.

तरी पुढली काही वर्षे विमानशाळांतून रीत अशी होती की धोक्याच्या गोष्टींपासून शिकाऊंना दूर ठेवायचे. परिणाम असा की त्या गोष्टी त्यांना पहिल्यांदा भेटत त्या एकट्याने उडताना. पहिल्या महायुद्धात १९१७ साली रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने गॉस्पोर्ट येथे ही रीत उलटी केली. दुहेरी नियंत्रणाची अॅव्हरो विमाने घेतली, गुरू-शिष्यांत बोलायला एक नळी बसवली, आणि जे जे भयंकर समजले जाई ते ते शिष्याच्या हातून मुद्दाम करवून घ्यायला सुरुवात केली, त्यातून बाहेर कसे यायचे हे सांगत सांगत. जगभर आज विमान शिकवतात ते मुख्यतः या वळणावर.

आणि त्याच सुमारास फार्नबरोच्या सरकारी विमानसंस्थेतला फ्रेडरिक लिंडेमान नावाचा एक पदार्थविज्ञानाचा शास्त्रज्ञ, पुढे चर्चिलचा सल्लागार म्हणून गाजला तोच, स्वतः विमान शिकला. एका डोळ्याची दृष्टी कमजोर. तो गरगर मुद्दाम लावून घेई, आणि खाली येता येता वेग किती, उंची किती, फेऱ्या किती, हे आकडे मनात साठवी. मी हे वाचले आणि पुस्तक मिटले. गरगरणाऱ्या विमानात आकडे मोजणारा माणूस! त्याला भीती वाटली असेल की नसेल, मला ठाऊक नाही. पण आकडे मोजणाऱ्या डोक्यात भीतीला बसायला जागा किती उरणार? आणि मी, त्याच्याच विषयाचा मास्तर, डोळे मिटले होते. म्हणजे मोजायचेच नाकारले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे क्लबावर गेलो. कॅप्टनसाहेब हँगरच्या पायरीवर बसून चहा पीत होते. मी म्हटले, "साहेब, उत्तरपत्रिकांचे खोटे होते. मला भीती वाटते." ते म्हणाले, "अहो, ते मला त्याच दिवशी कळले. तुम्ही सांगाल कधी, याची वाट पाहत होतो. सांगितल्याशिवाय शिकवायचे कसे? डॉक्टरला पोट दाखवायचे आणि दुखते ते सांगायचे नाही, तसे झाले."

मग त्यांनी धडा फोडून दिला. पहिल्या दिवशी नुसती पिपाणी वाजेपर्यंत जायचे आणि परतायचे, स्टॉल नाहीच. पाच वेळा, सहा वेळा, पिपाणीचा कंटाळा येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी थरथर येईपर्यंत. आणि या सगळ्यात मी मोठ्याने बोलत राहायचे: वेग साठ, वेग पंचावन्न, नाक इतके वर, पिपाणी वाजली, आता सोडतो. घाबरलेला माणूस श्वास कोंडून धरतो. बोलणाऱ्याला श्वास सोडावाच लागतो. तिसऱ्या दिवशी नाक गळाले, काचेत जमीन भरली, आणि माझ्या तोंडून निघाले, "कोन कमी." हात पुढे गेले. दीडशे फूट. कॅप्टनसाहेब खिडकीबाहेर बघत होते. निदान तसे दाखवत तरी होते.

वाचून म्हणण्याच्या रीतीबद्दलही दोन शब्द. विमानात प्रत्येक टप्प्याला एक कागद असतो, त्यावरचे कलम वाचायचे, हात लावायचा, पुढे जायचे. तरुण मुलांना याची लाज वाटते. पाठ आहे, मग वाचायचे कशाला? ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटन येथे बोइंगचे एक नवे चार इंजिनांचे विमान उडाले आणि लगेच कोसळले. चालक अननुभवी नव्हते. जमिनीवर उभे असताना वाऱ्याने शेपटीची फळी आपटू नये म्हणून तिला जी अडसर असते, ती काढायची राहिली होती. कागद आला तो त्या अपघातानंतर. आपल्याकडे सत्यनारायण सांगणाऱ्या गुरुजींना पोथी मुखोद्गत असते, तरी ते पान उघडून, बोट ठेवून वाचतात. भीतीने पहिली जाते ती स्मरणशक्ती. व्याख्यात्यांनाही हे ठाऊक आहे. माझ्या खिशात आत्तासुद्धा टिपण आहे.

आता ज्याच्यामुळे मला या विषयावर बोलावेसे वाटले, त्या मुलाची गोष्ट सांगतो. त्याचे नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. माझ्याबरोबर शिकत होता. मी हौसेखातर आलेला, तो पोटासाठी. त्याला व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हवा होता. त्याला दोनशे तास लागतात, आणि खर्च कितीएक लाखांत जातो. वडिलांनी विहिरीजवळची जमीन गहाण टाकली होती. बरोबरची मुले चौदा-पंधरा तासांत एकटी उडाली. याचे बावीस तास झाले तरी कॅप्टनसाहेब त्याला एकटे सोडीनात. उतरताना तो शेवटच्या क्षणी चाक ओढायला उशीर करी, कधी एकदम ओढी, आणि विमान बेडकासारखे उड्या मारी. रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर तो फोनवर सांगत असे, "सगळं मस्त चाललंय, आबा." एकदा फोन ठेवल्यावर मी तिथे उभा आहे हे त्याला दिसले. तो म्हणाला, "काका, मला विमानाची भीती नाही वाटत. मला धावपट्टी दिसली ना, की आमची विहीर दिसते."

मंडळी, माझी भीती चैनीची होती. मी केव्हाही घरी जाऊ शकत होतो, तीन आठवडे गेलोही होतो. त्या मुलाला घरी जायची सोय नव्हती, आणि भीती वाटते असे म्हणायचीही नव्हती. इथे समोर अनेक आईबाप बसले आहेत. मुलाला वैमानिक करा, डॉक्टर करा, काय हवे ते करा. पण गहाणखत त्याच्या दप्तरात घालून पाठवू नका. स्पष्ट बोललो, राग मानू नये.

मी त्याला एमी जॉन्सनची हकीकत सांगितली. ही इंग्लंडातली मुलगी, एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखन करणारी. साधारण शिकाऊ आठ-दहा तासांत एकटे उडत त्या काळात तिला पंधरा तास पंचेचाळीस मिनिटे लागली. जून १९२९ मध्ये ती एकटी उडाली. आणि पुढच्याच वर्षी, ५ मे १९३० रोजी, एका जुन्या विकत घेतलेल्या जिप्सी मॉथमधून ती एकटी ऑस्ट्रेलियाला निघाली. सहा दिवसांत कराची. पुढे इंधन संपत आले म्हणून आपल्या झाशीला छावणीच्या कवायतीच्या मैदानावर उतरली, पंखाला इजा झाली, ती दुरुस्त करून पुन्हा निघाली, आणि २४ मे रोजी डार्विनला पोचली. तिच्या वहीतले ते पंधरा तास आज कोण मोजतो?

गोष्ट ऐकून पोराला बरे वाटले असेल. पण त्याची अडचण गोष्टीने सुटली नाही, हे कबूल केले पाहिजे. ती सुटली ती त्याने कॅप्टनसाहेबांना विहिरीचे सांगितले तेव्हा. ते एवढेच म्हणाले, "अरे, तू उतरताना बघतोस कुठे?" तो बघत होता नाकाच्या अगदी पुढे, जिथे जमीन अंगावर धावून येते. भ्यालेला माणूस जवळ बघतो. तिथली जमीन इतक्या वेगाने सरकते की उंचीचा अंदाज येतच नाही. "पट्टीच्या पार टोकाला बघ, तिथल्या बाभळी दिसतात त्यांच्या बुंध्याशी." दोन दिवसांत उड्या थांबल्या. सत्ताविसाव्या तासाला तो एकटा उडाला. त्या रात्री गच्चीवर त्याने वडिलांना पहिल्यांदा खरे सांगितले, की इतके दिवस भीती वाटत होती. पलीकडून काही वेळ आवाज आला नाही. मग म्हातारा म्हणाला, "मला बी वाटली होती रं. हीर खणताना दोरावरनं पहिल्यांदा खाली उतरलो तवा. तुझ्या आईला अजून सांगितलं न्हाई."

माझे एकट्याचे उड्डाण त्यानंतर नऊ दिवसांनी झाले. सकाळी सात वाजता तीन फेऱ्या ठीक उतरल्यावर कॅप्टनसाहेबांनी विमान कडेला थांबवायला लावले, पट्टा सोडला, दार उघडले आणि म्हणाले, "माझा चहा राहिलाय. तुम्ही एक फेरी मारून या." आणि मागे न बघता चालू लागले. उजवीकडच्या रिकाम्या आसनावर त्यांनी पट्टा नीट बांधून ठेवला होता. त्या बांधलेल्या पट्ट्याकडे मी किती वेळ पाहत होतो कोण जाणे.

कागद काढला. मोठ्याने वाचला. ऐकायला कोणी नव्हते, तरी वाचला. सत्तर-पंचाहत्तर किलो वजन कमी झाल्यामुळे विमान अपेक्षेआधीच उठले आणि भराभर चढले. हजार फुटांवर धावपट्टीला समांतर आलो तेव्हा खाली कॅप्टनसाहेबांचा पांढरा सदरा दिसला. त्यांच्या हातात चहा नव्हता, ते उन्हाला हात धरून वर बघत होते. तोंडाला कोरड होतीच. मी बोलत होतो: वेग, उंची, वळण, वेग पासष्ट. शेवटच्या वळणानंतर बाभळी दिसल्या. चाके टेकली ती जरा धपकन टेकली, त्याबद्दल खोटे सांगत नाही. विमान थांबवून इंजिन बंद केले आणि मग माझे हात जे थरथरू लागले ते थांबेनात. वर असताना ते स्थिर होते. पोरांनी रिवाजाप्रमाणे बादलीभर पाणी डोक्यावर ओतले, तेव्हा कुठे थांबले.

घरी गेलो तो ओल्या कपड्यांनीच. सौभाग्यवतींनी दार उघडले, वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "भीती वाटली?" मी म्हटले, "वाटली." "बरं," त्या म्हणाल्या, "आधी डोकं पुसा."

अजूनही दर खेपेला पंखाखालून पेट्रोल काढताना माझे हात गार असतात. अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे आणि त्यांना अजून समारोप करायचा आहे. कुणाला काही विचारायचे असेल तर मी खाली, पाण्याच्या माठापाशी उभा आहे.